गार फ्यूज

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण हे माझ्या सख्ख्या मावशीबरोबर घडलंय, आणि मावशी कधी तिखटमीठ लावून सांगत नाही.

रात्रही नव्हती. भर दुपारचे तीन वाजले होते.

मावशी घरगुती मशिनी दुरुस्त करते. तीस वर्षं झाली. हातातलं काम अर्धवट सोडून ती कधी परतली नाही.

त्या दिवशी एका घरी बोलावणं होतं. कपडे वाळवायचा ड्रायर. ड्रम फिरतो, पण उष्णता येत नाही. महिन्यात दोनदा फ्यूज बदलून झाला होता.

दार घरमालकाने उघडलं. धिप्पाड माणूस, बोलणं मात्र साखरेसारखं.

"या मावशी. आज काय तो सोक्षमोक्ष लावा याचा."

त्याची बायको मागे उभी होती. उकाड्यातही बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या.

कपडे धुण्याची खोली मागच्या बाजूला होती. मावशीने प्लग काढला आणि ड्रायरच्या डोक्यावर ठेवला. ही तिची जुनी सवय. प्लग डोळ्यांसमोर, म्हणजे जीव सुरक्षित.

मग एकेक तपासत गेली. जाळी साफ. मागचा पाइप मोकळा. तापणारी तार शाबूत.

फ्यूज मात्र तुटलेला.

हा फ्यूज बोटाच्या पेराएवढा असतो. मशीन प्रमाणाबाहेर तापलं की तो स्वतः तुटतो आणि घर वाचवतो. एकदा तुटला की पुन्हा जुळत नाही. आणि उष्णतेशिवाय तो तुटतच नाही.

मावशीने नवा फ्यूज तळहातावर घेतला. मीटर लावला. पीं... चांगला होता.

तेवढ्यात...

टिक्.

मीटर गप्प झाला. फ्यूज हातातल्या हातात तुटला होता.

बर्फासारखा गार.

"नका दुरुस्त करू, मावशी."

बायको दारात होती. तिने हळूच बाही वर केली. कोपरापर्यंत जाळीचे चौकोन उमटलेले. काही जुने, काही ओले.

"मशीन तापवतो. मग माझा हात आतल्या जाळीवर दाबून धरतो. भाजी खारट झाली तरी. फोन उचलायला उशीर झाला तरी."

"आणि फ्यूज? तू तोडतेस?"

"मला कुठे त्यातलं कळतं! त्याला मात्र वाटतं, मीच तोडते." तिचा आवाज अगदी खाली गेला. "त्याची पहिली बायको याच खोलीत गेली. पाय घसरून पडली, म्हणतात."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मावशीने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

तिने ड्रायरकडे वळून बघितलं.

दाराच्या काचेवर ओला पंजा उमटला होता...

आतून.

मावशीने पाने-पकडी भराभर पिशवीत कोंबल्या. "चल माझ्याबरोबर. आत्ता. चप्पलसुद्धा घालू नकोस."

"कुठे निघालात दोघी?"

घरमालक दारात उभा होता.

"यात फ्यूज टिकत नाही," मावशी म्हणाली.

"मग काढून टाका तो. वायर सरळ जोडा."

"ते मी कोणाच्याच घरी करत नाही."

तो हसला. आणि हसता हसताच त्याने बायकोच्या कानाखाली अशी मारली, की तिचं डोकं मशीनच्या कडेवर आदळलं. भुवईतून रक्ताची धार लागली.

"हिचेच उद्योग आहेत हे! बघू, किती दिवस थंड राहतंय!"

त्याने तिचं मनगट पकडलं आणि हात ड्रममध्ये खुपसला. त्याचाही हात खांद्यापर्यंत आत गेला.

मावशीने पिशवीतला मोठा पाना उपसला...

पण त्याआधीच ड्रम फिरला.

प्लग ड्रायरच्या डोक्यावरच पडलेला होता. मावशीच्या डोळ्यांसमोर.

आतली जाळी निखाऱ्यासारखी लाल झाली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. एकदा... पुन्हा एकदा... तो गुरासारखा ओरडत होता. जळक्या कातडीचा वास खोलीभर पसरला.

बायकोचा हात अलगद बाहेर आला. ओला, गार. विहिरीतून काढल्यासारखा.

त्याचा हात येईना.

मावशीने त्याला कमरेला धरून ओढलं. शेवटी माणूसच ना. पण आतून कोणीतरी त्याच ताकदीने ओढत होतं.

मग सुटला.

दवाखान्यात सगळ्यांनी पाहिलं. हाड तीन ठिकाणी मोडलेलं. भाजलेल्या मनगटावर चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे ठसे. बाईच्या हाताएवढे.

त्याची बायको दुसऱ्या गावी बहिणीकडे राहायला गेली. त्याला शिक्षा झाली, पण थोडीच; आता सुटलाही असेल. तो तुटका फ्यूज मावशीच्या पिशवीत असतो. भर उन्हाळ्यातही गार लागतो.

आता हे आज का सांगतोय...

काल संध्याकाळी मावशीला त्या बाईचा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो.

"मावशी, सहजच केला हो. बहीण बाहेर गेलीय, आणि तिचा ड्रायर अचानक गरम होईना. ड्रम फिरतोय नुसता. आणि काचेला आतून..."

मावशी ताडकन उभी राहिली.

"आधी दाराला कडी लाव," ती ओरडली. "कडी लाव, पोरी!"

पलीकडून बेल वाजल्याचा आवाज आला. मग फोन कट झाला.

मावशीने पोलिसांना कळवलं, पिशवी उचलली आणि मिळेल त्या गाडीने निघाली.

अजून तिचा फोन लागत नाहीये.