दोन बशा

कपबशी किणकिणायला लागली.

पिंगळीच्या त्या घरात मुलगी बघायला आलेले पाहुणे सतरंजीवर बसले होते, आणि मनकर्णा मुलासमोर चहा धरून उभी होती. कपबशी आपोआप वाजत होती. छाती धाडधाड उडत होती, बोटांना मुंग्या, श्वास गळ्याशी अडकलेला... आता आपण मरणार. इथंच, सगळ्यांच्या देखत!

मागची सोयरीक अशीच मोडली होती. "पोरीला बाहेरचं हाय," म्हणत पाहुणे उठून गेले होते.

"पित्त हाय तिला. सकाळधरनं उपाशी हाय," आई, सगुणाबाई, घाईघाईनं म्हणाली.

मुलाचे मामा दिनकरराव यांच्या कपाळावर आठी पडली.

तेवढ्यात मुलानंच तिच्या हातातली कपबशी घेतली, चहा बशीत ओतला... आणि भरलेली बशी परत तिच्याच हातात दिली!

"लय गरम हाय," तो म्हणाला. "फुंकर मारून द्या. पण हळू... जोरात मारली तर सांडंल."

बघायला आलेल्या मुलानं मुलीकडून चहा गार करून घ्यायचा? ही कुठली रीत? दारामागच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

मनकर्णानं फुंकर मारली. चहावर बारीक सुरकुती उमटली. मग आणखी लांब, आणखी हळू... साय थरथरत पलीकडच्या काठाला जाऊन टेकली. आणि नवल — गळ्याशी अडकलेला श्वास कधी खाली उतरला, तिला कळलंच नाही.

हातातली बशी आता स्थिर होती.

जरा वेळानं हात धुवायचं निमित्त काढून तो मागच्या अंगणात आला. तांब्यातून पाणी घालताना तिला राहवेना.

"तुमाला कसं कळलं... फुंकरीचं?"

"नावच भुजंग हाय माझं. फुंकर मारल्याबिगर कसं चालंल?"

"खरं सांगा ना."

त्यानं हात पुन्हा धारेखाली धरले. "मला बी होतंय. येलदरीला वीजघरात कामाला हाय मी. एकदा तिथंच छाती आवळली. वाटलं, गेलो आपण! परभणीच्या डॉक्टरनं मशीन लावून छातीची पट्टी काढली. म्हणला, काळीज ठणठणीत हाय, भीती बसलीया. एक दिवस हाटेलात चहा पिताना झालं तसंच. चहा सांडू नये म्हणून हळू फुंकायलो, आन् उतरलं की!"

"मग आता होत न्हाई?"

"होतंय की."

"आन् चहा नसला तर?"

"रिकामी बशी धरतो."

ती खुदकन हसली. मग आवाज उतरवून विचारलं, "घरी माहीत हाय?"

"न्हाई. तुमालाच सांगितलं, पयल्यांदा."

आतून दिनकररावांची हाक आली, "भुजंग, निघायचं ना रं?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. "मामा इचारतील. मी तर कवाच हो म्हणलोय... मनात. तुमचं काय?"

हात केव्हाच धुऊन झाले होते, तरी ती पाणी घालतच होती.

"दोघांनाबी एकदमच झालं तर?"

"दोन बशा लागतील."

"मग..." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, "सांगा मामांना — चहा आवडला म्हणून."

आता येलदरीच्या वसाहतीतल्या त्यांच्या खोलीत फळीवर दोन बशा वेगळ्या ठेवलेल्या असतात. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता मनकर्णाचे हात गार पडले. छाती उडायला लागली. भुजंगनं तवा उतरवला, फळीवरची बशी तिच्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली आणि शेजारी मांडी घालून बसला. दोघं फुंकर मारायला लागले. हळू... लांब...

त्यांची चार वर्षांची कस्तुरा जवळ आली. आईच्या बशीत डोकावली, मग बापाच्या. बोट घालून बघितलं. कोरडं.

"आई," तिनं डोळे मोठे केले, "बशीत तर कायच न्हाई... मग तू गार काय करायलीस?"