पडद्यामागची जागा

ही गोष्ट खरी आहे.

पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त एक ब्लाऊज आहे. निळा. कपाटात सगळ्यात खाली ठेवलाय. त्याचं नंतर.

रात्रीची असती तर बरं झालं असतं. रात्री माणूस तयारीत असतो. ही भर दुपारची गोष्ट आहे. मागच्या मे महिन्यातला एक गुरुवार. तीन वाजून दहा मिनिटं. केजपासून वीसेक किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याची पाच घरांची वस्ती.

घडलं ते माझ्या मावसबहिणीला, उज्ज्वलाला. तिनं मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा शब्दाचा फरक नाही. म्हणून तिच्या बाजूनंच सांगते.

*

उज्ज्वला केजला राहते. नवरा सोमनाथ केज-बीड जीप चालवतो. ती घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, पिको, फॉल. दुपारी एकला मशीन सुरू, समोर टीव्ही सुरू. दक्षिणेतला, हिंदी बोलणारा कुठला तरी पिक्चर.

तिचे वडील रामहरी. आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणतो. जन्म मेंढरांमागं गेला. आता सात मेंढरं उरलेली, आणि वस्तीवर ते एकटे. एकच्या ठोक्याला तेही तेच चॅनल लावायचे. पिक्चर संपला की तीन-दहाला त्यांचा फोन.

"कसा वाटला, आबा?"

"मेंढरं खोटी होती."

"आबा, पिक्चर पोलिसाचा होता. मेंढरं एकदाच रस्ता ओलांडतात."

"मी तेवढंच बगितलं. कंप्युटरची मेंढरं. एकामागं एक, शाळंच्या पोरांवानी. मेंढरू कदी असं चालतंय व्हय?"

"पाचपैकी किती?"

लोक पिक्चरला चांदण्या देतात. आबा मेंढरं द्यायचे.

"दोन मेंढरं. त्यातलं बी एक लंगडं."

पाच मेंढरं त्यांनी आजवर कुठल्याच पिक्चरला दिली नव्हती. हिरो विहिरीत उडी मारतो आणि वर येताना केस कोरडे, म्हणून एक. हिरॉईन उन्हात पळते आणि घाम नाही, म्हणून अर्धं. "अर्धं कोणतं, पुढचं का मागचं?" ती विचारायची. "मागचं. लेंड्या टाकणारं." मग दोघं हसायचे.

आणि प्रत्येक फोनच्या शेवटी ती म्हणायची, "आबा, इकडं या राहायला."

"बगू."

हे 'बगू' तिला टोचायचं. त्याला कारण होतं. तिची आई, माझी साखरामावशी, चार वर्षांपूर्वी त्या वस्तीवरच गेली. आदल्या दिवशी मावशीचा फोन आला होता, छातीत दुखतंय म्हणून. लग्नसराईचे नऊ ब्लाऊज टेबलावर होते. उज्ज्वला म्हणाली होती, "उद्या येते, माय."

दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा...

असो. ती वेळेवर पोचली नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

*

सोमवार.

"हिरो डावखुरा हाय, न्हाई का?"

उज्ज्वला हसली. ही आबांची जुनी थट्टा होती.

आबांच्या लहानपणी जत्रेत तंबूतला पिक्चर यायचा. मधोमध पांढरं कापड. तिकीटवाले समोर बसायचे. आबा मेंढरं राखायचे, तिकिटाला कुठले पैसे. ते तंबूच्या मागून, फटीतून आत सरकायचे आणि कापडाच्या मागच्या अंगाला बसून बघायचे. मागून सगळं उलटं दिसतं. हिरो डाव्या हातानं बंदूक धरतो. नावं उलटी येतात. "तवा मला वाचाय कुठं येत होतं," आबा म्हणायचे, "मला सुलटीच वाटायची." कित्येक वर्षं त्यांना वाटत होतं, पिक्चरमध्ये काम मिळायचं तर माणूस डावखुराच लागतो.

पुढं लग्न झाल्यावर मावशीही त्यांच्यासोबत मागंच बसायला लागली. ती आधी जाऊन घोंगडी अंथरून जागा धरायची.

"आबा, पुरं आता. हिरो चांगला उजव्या हातानं सही करत होता."

"डाव्या," आबा म्हणाले.

ते हसत नव्हते.

मंगळवार.

"गाड्या रस्त्याच्या चुकीच्या अंगानं पळत होत्या. नावं उलटी."

बाकी सगळं बरोबर. कुठल्या सीनला कोण मेलं, कुठं गाणं आलं. फक्त... उलटं.

"आबा, कुठं बसून बघताय तुमी?"

"मागं. मागं गार हाय."

बुधवार.

"आज बरा होता पिक्चर. तुजी माय म्हणती, हिरॉईनला नाचता येत न्हाई, पर रडती चांगली."

मशीनवरचा तिचा पाय थांबला.

"कोण म्हणती?"

"जागा धरून बसलीया कवाची. तुजी बी जागा धरलीया, उजे. घोंगडी दुमडून ठिवलीया."

मग आबांनी फोन खाली ठेवला. फोन मात्र चालू होता. आणि त्यात एक आवाज येत होता...

कट.

कट.

अडकित्त्याचा.

मावशी पिक्चर बघताना सुपारी कातरायची. आबांना सुपारी चालत नाही.

*

रात्री सोमनाथला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हातारा एकटा पडलाय. एकटं माणूस भिंतीशी बी बोलतंय. उद्या जा अन घेऊनच ये. मी फाट्यावर सोडतो, पाचला परत न्यायला येतो."

"उद्या न्हाई," उज्ज्वला म्हणाली. "आत्ताच जाऊ."

"आत्ता? जीपचा पाटा तुटलाय. गॅरेजवाला सकाळी येणार."

सकाळची दुपार झाली. फाट्यावर उतरली तेव्हा पावणेतीन वाजले होते. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

वस्तीवर पहिलं घर धोंडीरामचं. आबांची मेंढरं तोच चारतो. तो बाजेवर बसून पाणी पीत होता.

"बरं झालं आलीस. आबा जेवत न्हाईत. भाकर नेऊन दिली तर म्हणतात, जेवलो. कोणी वाढलं इचारलं तर हसतात."

"टीव्हीपुढंच असतील."

धोंडीरामनं तांब्या खाली ठेवला.

"कोणचा टीव्ही? डीपी जळून सहा दिस झाले. वस्तीवर लाईट हाय कुठं?"

सहा दिवस.

सोमवार, मंगळवार, बुधवार... तिन्ही पिक्चर आबांनी सीनवार सांगितले होते.

ती पळतच निघाली.

आबांच्या घराशेजारी मेंढरांचा वाडगा आहे, काटेरी कुंपणाचा. मेंढरं आत होती. सातही. एरवी उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहतात. आज तशी नव्हती. एका ओळीत होती, सगळी घराकडं पाठ करून. एकाही गळ्यातली घंटी वाजत नव्हती.

दार उघडंच होतं.

*

इथं उज्ज्वला सांगताना नेहमी थांबते. पाणी पिते. मग एका दमात सांगते. मीही तसंच करते.

खोलीत समोर बाज होती. रिकामी. बाजेसमोर पत्र्याच्या ट्रंकेवर टीव्ही, जुना, डब्याचा. बंद. काळी काच. ट्रंक भिंतीपासून दोन हात पुढं ओढलेली. आणि टीव्हीच्या मागं, भिंतीला टेकून, घोंगडीवर आबा बसलेले. टीव्हीच्या पाठीकडं बघत.

गाल आत गेलेले. डोळे मात्र लकलकत होते.

"आलीस? खाली बस. मागच्यांना दिसत न्हाई."

त्यांच्या मागं भिंत होती.

"आबा, उठा. केजला चला."

"संपत आलाय. पाच मिन्टं."

"लाईट न्हाई, आबा."

"लाईट कशाला लागती?"

तिनं त्यांचा दंड धरून ओढला. हाडं हाताला लागली, पण माणूस जागचा हलेना. एवढ्याशा म्हाताऱ्याला एवढं वजन नसतं. जणू दुसऱ्या बाजूनं कोणी तरी धरलं होतं.

"तू बस," आबा शांतपणे म्हणाले. "शेवट बगू. मग येतो."

"नक्की येता?"

"बगू न्हाई म्हणलो. येतो म्हणलो."

घोंगडीवर आबांच्या शेजारी एक जागा दबलेली होती, माणूस बसल्यासारखी. त्यापलीकडं घोंगडीचं टोक नीट दुमडून ठेवलं होतं.

मागच्या वेळी ती 'उद्या' म्हणाली होती.

उज्ज्वला दुमडलेल्या टोकावर बसली.

घोंगडी गरम होती. नुकतंच कोणी तरी उठून गेल्यासारखी.

समोर टीव्हीची पाठ. धूळ. फटी. वायरीचं तोंड सुटून खाली लोंबत होतं. काहीच नव्हतं. ती सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात...

कट.

तिच्या आणि आबांच्या मधोमध.

तिनं मान वळवली नाही. सरळ बघत राहिली. टीव्हीच्या बाजूनं पलीकडची बाज दिसत होती.

बाजेवर दोघं बसले होते.

आबा.

आणि ती.

तीच साडी. तोच खांद्याला ओढलेला पदर. दोघांच्या तोंडावर पिक्चरचा उजेड हलत होता, निळा, लाल, निळा. पलीकडची उज्ज्वला काही तरी बघून हसली आणि आबांकडं वळून म्हणाली,

"पाचपैकी किती?"

पलीकडच्या आबांनी बोटांवर मोजलं. मग त्यांनी टीव्हीकडं बघितलं. टीव्हीकडं नाही... टीव्हीच्या मागं. थेट तिच्याकडं.

"पाच," ते म्हणाले.

उजेड विझला.

तीन वाजून दहा.

तिनं अलीकडच्या आबांचा हात धरला आणि उठवलं. या वेळी ते पिसासारखे उठले. बाजेला वळसा घालून दारापर्यंत जायचं होतं. बाजेवर त्या वेळी कोणी होतं का, तिला सांगता येत नाही. तिनं डोळे जमिनीवर ठेवले होते.

बाहेर आल्यावर घंट्या वाजल्या. मेंढरांनी तोंडं वळवली होती. आबांनी सवयीनं हाक दिली, "हुर्र, हुर्र..."

ज्या मेंढरांना आबांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं, ती सातही आबांकडं बघत मागं मागं सरकली. पार काट्यात.

*

आबा केजला आले. तीन भाकरी खातात. गाल भरले. सोमनाथ म्हणतो, "म्हातारं माझ्यापेक्षा जास्ती जेवतंय." घर सुखात आहे. उज्ज्वला यंदा वेळेवर पोचली.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं.

जुलैमध्ये मी तिच्याकडं निळा ब्लाऊज शिवायला टाकला. वीस वर्षं तीच माझे ब्लाऊज शिवते. माप तिच्या डोक्यात असतं. घरी आणून घातला. अंगाला चपखल बसला. पण हूक लागेनात. बोटं सारखी चुकत होती. आरशासमोर उभी राहिले तेव्हा कळलं...

हूक उलट्या बाजूला होते.

गळ्यावरची वेल डावीकडून उजवीकडं जायला हवी होती. ती उजवीकडून डावीकडं गेली होती. शिवणीत चूक अशी एकही नाही. फक्त सगळा ब्लाऊज, आरशात दिसावा तसा.

मी फोन केला. ती म्हणाली, "बरोबरच शिवलाय की." तिच्या शेजारची छबुबाई म्हणते, मे महिन्यापासून सगळ्यांचे असेच येतात. गिऱ्हाइकं तुटली. मशीनचं चाक उजवीकडं असतं. उज्ज्वला आधी डावीकडं हात नेते, हवेत चाचपते, आणि मग जरा हसते.

गेल्या महिन्यात मी बीडला कोर्टाच्या कामाला गेले होते. येताना केजला उतरले. दुपार होती. बाप-लेक पिक्चर बघत बसले होते. टीव्ही भिंतीला टेकलेला आहे, हे मी आधी बघून घेतलं. दोघं समोर, नीट, माणसांसारखे बसलेले. मला बरं वाटलं.

"कसा आहे पिक्चर?" मी विचारलं.

"चांगला हाय," आबा म्हणाले. "मेंढरं खरी हायेत."

"फक्त हिरो डावखुरा हाय, ताई," उज्ज्वला म्हणाली.

पडद्यावर हिरो चिठ्ठी लिहीत होता. उजव्या हातानं.

पर्स ठेवली आणि त्या दोघांच्या मागं, भिंतीला टेकून खाली बसले. माझ्या मागं फक्त भिंत होती. तिचा गारवा पाठीला लागत होता.

थोड्या वेळानं उज्ज्वलानं मागं वळून बघितलं. माझ्याकडं नाही. माझ्या डोक्याच्या थोडं वर.

"ताई," ती हळूच म्हणाली, "जरा सरक ना. मागच्यांना दिसत न्हाई."

मी सरकले.