चौथी पायरी

घोडबंदर रोडवरच्या त्या कंपनीत विनिताचं काम तसं बिनबोभाट होतं. लिफ्ट दुरुस्तीची माहिती देणारी वेबसाइट तिच्याकडे होती. मेकॅनिक मोबाइलवर पान उघडायचा आणि त्यातल्या पायऱ्या वाचत काम करायचा. पानं लिहायला फार अक्कल लागत नाही, असं ती स्वतःच थट्टेनं म्हणायची. साधी फाइल, मथळ्याआधी एक हॅश, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना स्टार. पायऱ्यांना तर आकडेही मोजून घालायचे नाहीत. प्रत्येक ओळीआधी नुसता एकाचा आकडा लिहायचा, पुढचं वेबसाइट आपोआप मोजते. मधली एखादी ओळ काढली-घातली तरी डोक्याला ताप नाही.

त्या सोयीनंच घात केला. गेल्या वर्षी जुन्या वेबसाइटवरची पानं नवीवर आणताना तिला घाई होती. मुलीच्या शाळेत गॅदरिंग होतं. 'लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्याआधी' या पानावरची चौथी ओळ, मुख्य स्विच बंद करून कुलूप लावायची, तिच्याकडून राहून गेली. आकडे हाताने घातले असते तर तिनानंतर पाच दिसला असता. यादी मात्र नीट जुळून बसली आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही. जुनी वेबसाइट तिनेच पुसली.

दोन महिन्यांनी परशुराम नावाचा नवखा मेकॅनिक ते पान वाचून एकटाच लिफ्टच्या खड्ड्यात उतरला. स्विच चालू होता. वरून लिफ्ट आली. परशुराम वाचला नाही.

पानाखाली नाव होतं मूळ लेखकाचं, रत्नदीपचं. शहाडहून रोज येणारा, सहा वर्षं तिच्या शेजारी बसलेला, तिच्या डब्यातली भाकरी हक्काने मोडून घेणारा.

"अगं, मी लिहिलेली ती पायरी! विनिता, तू सांग ना सरांना," तो म्हणाला.

त्यांचे विभागप्रमुख त्र्यंबक सर, त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आठवत नाही," ती म्हणाली.

रत्नदीपची नोकरी त्याच आठवड्यात गेली. त्या दोन शब्दांची तिला अजून लाज वाटते.

पायरी तिने गुपचूप परत घातली. पण तीन आठवड्यांपूर्वी पान सहज उघडलं, तर तिनानंतर पाच. फाइलमध्ये ओळ जागेवर होती. तिने पान पुन्हा चढवलं. तिनानंतर पाच. आपोआप मोजलेल्या यादीत आकडा गळूच शकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पलीकडच्या टेबलावरच्या हेमांगीला बोलावून दाखवलं.

"बरोबर तर आहे गं," हेमांगी म्हणाली. "एक, दोन, तीन, चार. चष्मा बदल."

मग तेल घालायच्या पानावर तेच. दारं जुळवायच्या पानावर तेच. पडद्याजवळ वाकलं की ग्रीसचा आणि ओल्या सिमेंटचा वास यायचा.

शेवटी काल दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, पान समोर उघडं ठेवून तिने रत्नदीपला फोन लावला.

"चूक माझी होती रे. ती ओळ माझ्याकडून गळली."

"मला ठाऊक होतं, मॅडम," तो म्हणाला. एके काळी तो तिला अगं-तुगं करायचा. "तीन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले. तिन्हीकडे त्या अपघाताचंच विचारलं. आता सरांना सांगा. लेखी द्या. एवढंच करा."

"बघते," ती म्हणाली. म्हणताक्षणी तिला स्वतःची शिसारी आली, पण शब्द काही तिने मागे घेतला नाही.

"बघते?" तो कडवट हसला. "मी ते पान अजून रोज उघडतो. आता पण उघडलंय. चौथ्या ओळीत हे काय लिहिलंय तुम्ही?"

"तुला चौथी दिसते?"

"दिसते म्हणजे? वाचू?"

तिच्या पडद्यावर तिनानंतर पाचच होता.

तो एकेक शब्द वाचत गेला. "'खाली मी आहे. कोणीतरी ओ द्या.'"

विनिताने फोन कानापासून दूर धरला.

"मॅडम?"

समोरचं पान आपोआप ताजं झालं. तिनानंतर आता सहा होता. चौथीपाठोपाठ पाचवीही गेली होती.