बैलांचं राहिलेलं पाणी

दार लोटून घ्या आणि कंदिलाची वात जरा बारीक करा. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, मागाहून जमायचं नाही. भरमू ड्रायव्हर थापा मारणारा माणूस नव्हता. निपाणीच्या वकील दत्तोपंतांची मोटार त्यानं कितीतरी वर्षं हाकली, पण दारूचा थेंब तोंडाला लावला नाही. त्याच्याच तोंडून ऐकलेली हकिगत आहे ही.

लढाईचे दिवस होते. सन चव्वेचाळीस, पौष वद्य चतुर्दशीची रात्र. भरमूची धाकटी बहीण यशोदा पहिलटकरीण, माहेरी आलेली. सकाळपासून कळा देऊन पोर अर्धी झाली तरी सुटका होईना. दिवे लागल्यावर सुईणीनं हात टेकले.

"मूल आडवं हाय. बेळगावला न्या, न्हाईतर दोन्ही जीव जातील," ती म्हणाली.

भरमू दत्तोपंतांकडं धावला. माणूस मोठ्या मनाचा. "किल्ली विचारतोस काय, जा!" एवढंच बोलले. भरमूनं मागच्या बैठकीवर गोधड्या अंथरल्या, यशोदेला निजवलं, तिचं डोकं आई नागुबाईच्या मांडीवर ठेवलं आणि मोटार काढली.

पेट्रोल मिळत नव्हतं त्या काळात. मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली, त्या धुरावर गाडी चालायची. सपाटीला ठीक, पण चढ आला की दमेकऱ्यासारखी धापा टाकायची. तवंदीचा घाट अर्धा चढली आणि बसली. पुढून वाफेचा फवारा उडाला. भरमूनं चाकाला दगड लावला.

आता घाटात मोटार अडली म्हणजे काय करायचं, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पायथ्याच्या वाडीतून बैलजोडी आणायची. मोटेचा नाडा, म्हणजे विहिरीवरचा जाड दोर, बांधून बैल गाडी वर ओढून देत. घाटाचा एक रिवाज मात्र होता. ज्याचं ओझं ओढलं, त्यानं माथ्यावर स्वतःच्या हातानं बैलांना पाणी पाजायचं. मगच वाट धरायची.

भरमू वाडीत पळत गेला. यल्लाप्पा म्हाताऱ्याचं दार ठोठावलं.

"जोडी पायजे! भन अडल्या माजी!"

आत दिवा होता, तो विझला.

"आज न्हाई," आतून आवाज आला. "पाया पडतो बाबा, आज न्हाई."

दुसऱ्या दारी तेच. भरमूनं वाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि रडकुंडीला येऊन परत फिरला. बघतो तर मोटारीपुढं एक माणूस जोडी घेऊन उभा. डोक्यावरून घोंगडं, हातात कंदील नाही. मोटारीला नाडा बांधून झालेला.

"देवच पावला!" भरमूला हुंदका आला. "नाव काय मामा तुमचं?"

"मष्णू."

"काय देऊ, बोला."

"काय नगं. वर बैलास्नी पाणी पाज. तुज्या हातानं."

"पाजतो. आईची आन!"

मष्णूनं जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि जोडी निघाली. भरमूनं चाक धरलं. मोटार अशी वर चालली, जणू रिकामी छकडी. आधी त्याला बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. बैलांच्या गळ्यात घुंगरू नव्हते. खुरांचा आवाज नव्हता. थंडी मरणाची, भरमूच्या तोंडातून वाफ निघत होती. एवढा चढ ओढणाऱ्या बैलांच्या नाकातून मात्र... काही नाही.

माथा आला. मष्णूनं नाडा सोडून खांद्यावर टाकला आणि वाट बघत उभा राहिला. भरमूनं पाण्याचा डबा काढला. एकच डबा. बैल जवळ आले, दोघांनी माना खाली घातल्या. इतक्यात आतून यशोदा किंचाळली. गुरासारखी.

"भरमू!" नागुबाई ओरडली. "पोर जातीया रं!"

इंजिन कोरडं ठणठणीत. डबा एक. भरमूनं बैलांकडं पाहिलं... आणि सगळं पाणी इंजिनात ओतलं.

"मामा, माफी करा. परत येताना पाजतो."

मष्णूनं बैलांच्या माना वर केल्या.

"ऱ्हाऊ दे," मग म्हणाला. "मीच यीन."

यशोदेची सुटका पहाटे बेळगावच्या दवाखान्यात झाली. मुलगा. दोघंही सुखरूप. आनंदानं भरमू लहान पोरासारखा रडला. नागुबाई व्हरांड्यात बसली होती. कुणीतरी चहा दिला, तो तिनं ओठाशी नेला आणि तशीच थांबली.

"भरमू... माजा उपास सोडायचा ऱ्हायला रं. काल सोमवार."

भरमूनं बोटांवर वार मोजले. सोमवार महादेवाचा. आपल्या मुलखात सोमवारी नंदीच्या मानेवर कुणी जू ठेवत नाही. भाकरी बंद झाली तरी नाही. शेतकऱ्याचं पोर तो, आणि घाबऱ्या घाईत वारच विसरला होता.

येताना तो वाडीत थांबला. यल्लाप्पानं सगळं ऐकलं आणि खाली मान घातली.

"मष्णू आमचाच. एका सायबाची मोटार अडलती. पैशाला भुलून ह्यानं सोमवारी जुंपली. माथ्यावर मोटार सुरू झाली. सायबानं पाणी तर पाजलं न्हाईच, नाडा सोडायच्या आत उतारानं सोडली. मष्णू, बैलं... समदी दरीत. रातभर हंबरत हुती बैलं, पाण्यासाठी. आमी ऐकत हुतो. कुणी उतरलं न्हाई." म्हाताऱ्यानं भरमूचं मनगट धरलं. "दर सोमवारी दारात भरली घागर ठेव, पोरा. चुकू नगंस."

भरमू ठेवू लागला. मंगळवारी सकाळी घागर कोरडी असायची.

पुढं सोयऱ्यांच्या सोयीनं बारसं लांबलं, ते नेमकं सोमवारी आलं. संध्याकाळी भरमूनं आठवणीनं घागर उंबऱ्याबाहेर ठेवली. पण बारशाचं घर! दारात पाणी दिसलं की पाहुणा काय करणार? पाय धुणार. आल्या आल्या बायकांनी पाय धुतले आणि घागर कधी संपली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या, माणसं पांगली. घर निजलं.

मध्यरात्री भरमूला जाग आली. पाळणा करकरत होता. यशोदा झोका देत असेल, असं त्याला वाटलं. कूस वळवून पाहतो तर ती भिंतीकडं तोंड करून गाढ झोपलेली.

पाळणा दाराकडं गेला. परत आला.

दाराकडं गेला. परत आला.

दाराकडं गेला... आणि तिथंच राहिला. तिरका. हवेत.

भरमूनं चिमणी लावली. पोरगं मूठ चोखत झोपलेलं. पाळण्याच्या कडीला मोटेचा जाड नाडा बांधलेला. नाडा उंबऱ्यावरून बाहेर अंधारात गेलेला. ताठ.

कडी कण्हू लागली.

भरमू मोरीकडं धावला. भरलेला हंडा छातीशी धरून दारात आला. बाहेर काही दिसत नव्हतं. त्यानं हंडा दोन्ही हातांनी पुढं केला.

"प्या," तो म्हणाला. "माज्या हातानं पाजतो. प्या, बाबांनो... पोराला सोडा."

काहीच नाही.

मग... हंडा हातात हलका होऊ लागला. जमिनीवर थेंब सांडत नव्हता. हलका... आणखी हलका... रिकामा.

मागं पाळणा धपकन जागेवर आला आणि पोरगं रडलं.

ते पोरगं आता बाप्या झालंय. भरमू गेला. पाळणा त्यांच्या माळ्यावर आहे. कडीला नाड्याचा तुकडा तसाच आहे, ती गाठ कुणाला सुटलेली नाही. तुकड्याचं दुसरं टोक मी या बोटांनी चाचपलंय. ते सुरीनं कापलेलं नाही, ताणून तुटलेलंही नाही. बैलानं चघळावं तसं चघळलेलं आहे.

आणि अजून ओलं आहे.