एका पायावरचा एक्स-रे

सयाजी एक्स-रे सेंटरमध्ये आला होता तो इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला. जुन्नरच्या बाजारातल्या एका बॅटरीच्या दुकानात तो कामाला होता. जुनी बॅटरी उचलून तो वळला... आणि जागीच थिजला. समोरच्या बाकावर त्याची बायको बसली होती!

मांडीवर चार महिन्यांची छकुली, पायाशी फुगलेली पिशवी, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. सकाळीच तर अश्विनी 'निरगुडसरला, माहेरी जाते' म्हणून घरून निघाली होती.

"तू... हितं?"

तिचाही चेहरा पांढराफटक पडला. "तुमी कसं काय?"

"काय झालंय तुला? आन् मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं व्हतं की," ती हळूच म्हणाली. "तीनदा."

सयाजीला आठवलं. बाळंतपणानंतर ती कुशीवर वळताना कळवळायची, पायरी आडवी होऊन उतरायची. त्याची आई, प्रयागबाई, म्हणायची, "आमी न्हाई का बाळंत झालो? हिचंच लई कवतिक." मागे एकदा झोपवून एक्स-रे काढला होता, त्यात काहीच दिसलं नव्हतं. तेव्हापासून घरात तो विषयच संपला होता.

"उभं राहून काढायचाय," एक्स-रे काढणारा भगवंत दारातून म्हणाला. "आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. धरायला कुणी आहे?"

"मी हाय. नवरा."

छकुलीला तिथल्या मदतनीस अंबाबाईकडे देऊन दोघं आत गेले. भगवंतने सयाजीच्या अंगावर शिशाचा जड एप्रन चढवला. पण सयाजी नुसताच अवघडून उभा.

"धरा की हात," अश्विनी पुटपुटली. "लग्नात धरला व्हता तेवढाच."

"दीड वर्षात एकदाबी न्हाई?"

"अंधारातलं मी मोजत नाय."

सयाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने हात धरला. तिने डावा पाय उचलला मात्र... तिची नखं त्याच्या मनगटात रुतली. तोंडातून आवाज नाही, फक्त वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब. इतक्या जवळून, इतक्या उजेडात त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं.

थोड्या वेळाने तिथल्या डॉक्टर मॅडमनी दोघांना कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"ही कमरेची हाडं. दोन्ही बाजू इथं पुढं जुळतात. दोन पायांवर उभी आहे, तेव्हा सरळ दिसतात. आता हा एका पायावरचा बघा."

एक बाजू चक्क खाली घसरली होती.

"बाळंतपणात हा सांधा सैल झालाय. झोपून काढला की दिसत नाही. चालताना मात्र हाड असं सरकतं."

"चालताना... दर पावलाला?"

"दर पावलाला."

सकाळी छकुलीला कडेवर घेऊन ती स्टँडपर्यंत चालत गेली होती. आणि तो? उशीर होतोय म्हणून मोटारसायकलवरून पुढं निघून गेला होता.

"बरं व्हईल का?" त्याने विचारलं.

"बहुतेक जणींचं होतं. पट्टा बांधायचा, व्यायाम करायचे, वजन उचलायचं नाही. आणि घरच्यांनी विश्वास ठेवायचा."

बाहेर आल्या आल्या छकुलीला अंबाबाईकडून आपल्या खांद्यावर घेत त्याने फोन लावला. "आये, अश्विनी लबाड नाय. म्या डोळ्यांनी बघितलं, हाड सरकतंय तिचं. आजपासून पाणी मी भरणार."

अश्विनी डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत होती. मग तिने पिशवी उघडली. आत तिच्या सगळ्या साड्या होत्या.

"आज काही दिसलं नसतं तर मी माघारी येणार नव्हते," ती म्हणाली. "दुखणं सोसलं असतं वो. पण तुमीबी खोटं समजता, ते... ते नाय सोसत."

सयाजी तिच्यासमोर, तिथंच फरशीवर बसला. येणारे-जाणारे थबकले.

"चुकलो. आईच्या होला हो केलं," तो म्हणाला. "अश्विनी... तू मला लई आवडतेस. आधीच सांगायला पायजे व्हतं. येशील घरी?"

ती लाजून इकडंतिकडं बघायला लागली. ओठांच्या कोपऱ्यात हसू मावेना.

"येते," ती म्हणाली. "पण ते मधलं परत एकदा म्हणा. छकुली रडत व्हती, नीट ऐकू आलं नाय."

छकुली तर त्याच्या खांद्यावर गाढ झोपली होती.