बाहीच्या आत

शाळेची पायरी मी कधी चढलो नाही. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले, एवढंच काय ते. म्हणून नातीने भर दुपारी फोन केला तेव्हा मला हसूच आलं.

"आजोबा, तुमच्याकडचं झिरझिरीत कापड घेऊन माझ्या ऑफिसात या. आत्ताच्या आत्ता."

ती कॉम्प्युटरवर माणसं बनवते. पडद्यावर एक बाई उभी होती, अंगात लांब बाह्यांचा झगा. साहेबांनी तो तीनदा परत पाठवला होता. म्हणे, हे कापड नाही, प्लॅस्टिकची पिशवी आहे. आज सहापर्यंत जमलं नाही तर नोकरी गेली. पोरीचे डोळे सुजले होते.

मी कापड माझ्याच हातावर टाकलं. "हे बघ. अंगाला टेकतं तिथे कातडी दिसते. सुटतं तिथे धुकं. चुणीत दुहेरी होतं, तिथे रंग दाटतो."

"मास्तर, जरा दमानं," ती म्हणाली आणि मी आल्यापासून पहिल्यांदा हसली.

खिडक्यांवर पडदे ओढलेले. मशीनची एकसुरी घरघर. मी सांगत गेलो, ती एकेक चूण बसवत गेली. पाचाच्या सुमारास कापड कापडासारखं पडलं. तेवढ्यात ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवावी तसा वास आला. खोलीत इस्त्री नव्हती.

"हात झकास केलास गं," मी म्हटलं. "कोपराजवळचा व्रणसुद्धा."

तिची बोटं थांबली. "कुठला हात?"

"हा काय, बाहीतला."

"आजोबा... बाहीत हात नाहीये. जाड कपड्याखालचं अंग आम्ही काढून टाकतो, ते कपड्यातून बाहेर येतं म्हणून. हा झगा आधी जाडच होता. पातळ केला, पण अंग परत घालायचं... विसरले मी."

तिने झगा लपवला. वर मान, खाली काहीच नाही. दोन पंजे नुसते हवेत लटकलेले. झगा परत आणला. बाहीत हात होता. टेकला होता तिथे कातडी, सुटला होता तिथे धुकं. मी शिकवलं होतं अगदी तसं.

मी म्हटलं, "पाठवू नकोस, बाळ."

"नोकरी जाईल हो..."

तिने पाठवलं. दहा मिनिटांत साहेबांचा फोन. "शाब्बास! आता बाकीच्या अकरा जणींनाही असेच झगे चढव."

तिने फोन ठेवला. मग हळूच म्हणाली, "त्यांच्या आत अंग ठेवू?"

"ठेव. रिकामी जागा ठेवूच नकोस."

तिने अकराही जणींचं अंग जागच्या जागी ठेवलं. नोकरी टिकली. ती चित्रं ती आता उघडून बघत नाही. मी एकदाच बघितली. प्रत्येक बाहीत दोन दोन हात आहेत. एक नातीने ठेवलेला. दुसऱ्याने त्याचं मनगट घट्ट धरलंय.