मृतसाठ्याची बेरीज

धरणाच्या भिंतीवरची पाण्याची पातळी लिहून ती पायऱ्या उतरत होती, आणि तो चढत होता. वाऱ्यानं त्याच्या हातातला कागद उडवला, तो नेमका तिच्या खांद्यावर! परत देण्याआधी तिनं तो वाचला.

"साहेब, यात मृतसाठाही धरलाय. तळाचं पाणी बोगद्याच्या तोंडाखालीच राहतं. ते टर्बाइनपर्यंत जाणारच नाही, तर वीज कुठून देणार?"

नवा इंजिनिअर ओशाळला. मग कठड्याला टेकून तिनं अर्धा तास समजावलं... पाणी किती, किती उंचीवरून पडतं, यंत्रात किती वाया जातं.

साठ्यातून किती वीज निघेल, हा हिशेब तपासून त्यावर रोज सही करायची, हे तिचं काम. तीन वर्षं हंगामी होती; महिनाअखेरीस कायम व्हायची होती. एक सही चुकली, की संपलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा कागद बिनचूक. तिनं सही केली, कागद परत दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा मृतसाठा! चौथ्या, पाचव्या दिवशीही तेच. तिच्या मनात पाल चुकचुकली. मुख्य कचेरीतून आलेला शिकला-सवरलेला माणूस रोज तीच चूक कशी करेल?

"गोड बोलतो का गं?" घरी मावशीनं विचारलं.

"फार."

"मग नक्कीच काहीतरी शिजतंय!"

सहाव्या दिवशी तिनं कागद त्याच्यापुढे आपटला. "मला काढायचंय ना? सरळ सांगा. रोज सापळा कशाला?"

"सापळा?" त्याचा चेहरा उतरला. "अहो... पहिल्या दिवशी खरंच चुकलो, तर तुम्ही अर्धा तास बोललात. दुसऱ्या दिवशी बरोबर आणलं — तर अर्धं मिनिट!"

ती क्षणभर गोंधळली. कान तापले. पण राग विझेना.

"आणि माझी नजर चुकली असती तर?"

"तुमची नजर चुकणार नाही, याची खात्री होती."

"वा! नोकरी माझी, खात्री तुमची!"

तो हळूच म्हणाला, "हे मात्र खरंच चुकलं माझं." आणि खिशातून दुसरा, बरोबर कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

तिनं एकेक आकडा सावकाश तपासला. तो उभाच. सही झाली, तरी त्यानं कागद उचलला नाही.

"उद्यापासून असाच आणायचा," ती म्हणाली.

"म्हणजे... अर्धंच मिनिट?"

तिनं शेजारची खुर्ची ओढली. "बसा. पण बोलायचं ते खरं हं... मी तपासणार आहे!"